बॅकअपसाठी जुनी हार्ड डिस्क पुसून तिचे भाग पाडताना

कपाटाच्या खणात पडून असलेली जुनी एक्सटर्नल हार्ड डिस्क संगणकाच्या बॅकअपसाठी वापरायला काढावी, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. तो रास्तही आहे, कारण अशी डिस्क बहुधा एक किंवा दोन टीबीची असते आणि घरगुती लॅपटॉपमधला सगळा ऐवज तिच्यात सहज मावतो. अडचण एवढीच असते, की तिच्यात कधी काळी उतरवून घेतलेले चित्रपट, जुन्या फोनमधले फोटो, सेट-टॉप बॉक्सने केलेली रेकॉर्डिंग आणि एखाद्या मोडीत निघालेल्या संगणकाचा अर्धवट बॅकअप असे सगळे एकत्र कोंबलेले असते. अशी डिस्क रिकामी करून तिचे दोन भाग कसे पाडावेत आणि एका भागात बॅकअप व दुसऱ्या भागात इतर साठवण अशी व्यवस्था कशी लावावी, ते या लेखात पायरीपायरीने सांगितले आहे. उदाहरणासाठी २ टीबीची डिस्क आणि विंडोज ११ असलेला, ५१२ जीबी साठवणीचा लॅपटॉप धरला आहे. विंडोज १० मध्येही पायऱ्या जवळजवळ याच आहेत. मात्र त्या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला असल्यामुळे ती अजूनही वापरणाऱ्यांनी हे काम पुढे ढकलू नये.

प्रत्यक्ष पुसण्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. खरा वेळ द्यायचा तो त्याआधीच्या दोन प्रश्नांना: हिच्यात नेमके काय आहे, आणि आपण पुसायला निघालो आहोत ती डिस्क हीच का? लेखाचा मोठा भाग या दोन प्रश्नांवर खर्च झाला आहे, तो जाणूनबुजून.

आत काय आहे ते आधी पाहावे

डिस्क जोडल्यावर काही वेळा विंडोज लगेच एक खिडकी उघडून सांगते, की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. नवखा माणूस ते वाचून फॉरमॅटचे बटण दाबून मोकळा होतो. या सूचनेचा अर्थ डिस्क रिकामी आहे असा नसून, तिच्यावरची मांडणी विंडोजला वाचता येत नाही, एवढाच असतो. डिस्क पूर्वी मॅकवर, लिनक्सवर किंवा सेट-टॉप बॉक्सवर वापरलेली असू शकते, किंवा तिच्या मांडणीत बिघाड झालेला असू शकतो. म्हणून येथे रद्द करावे आणि ती डिस्क पूर्वी कुठे जोडलेली असे, ते घरातल्यांना विचारावे.

डिस्क वाचता येत असेल तर तिच्यातले सगळे फोल्डर एकदा शांतपणे उघडून पाहावेत. फाइल एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या फाइली दिसतील अशी सोय करून घ्यावी, कारण जुन्या बॅकअपचे काही फोल्डर लपलेले असतात. जे ठेवायचे असेल ते लॅपटॉपवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे, आणि उतरवताना 'कट' न वापरता 'कॉपी'च वापरावे, म्हणजे मध्येच केबल हलली तरी मूळ प्रत जागेवर राहते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावी आणि फाइलींची संख्या व एकूण बाइट्स जुळतात का ते पाहावे. शेवटी इथली एक, तिथली एक अशा पाच-सहा फाइली नव्या जागेवरून उघडून पाहाव्यात. फोटोची छोटी छबी दिसली म्हणजे फोटो शाबूत आहे असे नसते. तो पूर्ण उघडायला हवा.

माझा स्वतःचा नियम असा आहे, की कॉपी आज केली तर डिस्क उद्या पुसायची. रात्रीत कोणाला तरी काही तरी आठवतेच.

डिस्कची तब्येत

जुन्या डिस्कवर बॅकअप सोपवण्याआधी ती किती भरवशाची आहे हे पाहणे आवश्यक आहे. जवळजवळ प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद आतल्या आत ठेवत असते. या नोंदींना स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये त्या वाचता येतात. वरच्या कोपऱ्यात 'गुड' दिसले तर पुढे जावे. 'कॉशन' दिसले, म्हणजे डिस्कवरचे काही कप्पे खराब होऊन त्यांच्या बदल्यात राखीव कप्पे वापरले गेले आहेत किंवा काही कप्पे वाचताना अडचण येते आहे, तर ती डिस्क चित्रपट ठेवायला वापरावी, बॅकअपला नव्हे. जोडल्यावर आतून ठराविक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल तर ही तपासणीही करत बसू नये. जे वाचता येईल ते उतरवून घ्यावे आणि डिस्क निवृत्त करावी.

केबलकडेही लक्ष द्यावे. छोट्या पोर्टेबल डिस्कला वीज केबलमधूनच मिळते, आणि जुनी, सैल झालेली केबल असली की डिस्क मध्येच गायब होते व दोष डिस्कला दिला जातो. टेबलावर ठेवायच्या मोठ्या डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर असतो. लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, डिस्क मात्र तत्क्षणी बंद पडते आणि फॉरमॅट अर्धवट राहतो. ज्या गावात वीज बेभरवशाची आहे तेथे अशी डिस्क इन्व्हर्टर किंवा यूपीएसच्या प्लगवरच जोडावी.

हीच ती डिस्क, याची खात्री

येथे माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एकाच वेळी दोन डिस्क जोडलेल्या होत्या. एक पुसायची होती, दुसरीत घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या फोटोंची प्रत होती, आणि दोन्ही १ टीबीच्या होत्या. पडद्यावर दोन सारख्याच निळ्या पट्ट्या, दोन्हींवर ९३१ जीबी हाच आकडा. मी वरची निवडली. पुसून झाल्यावर जिच्यावरचा दिवा लुकलुकत होता ती दुसरीच डिस्क होती. मी लगेच हात थांबवले, तिच्यावर पुढे काहीही लिहिले नाही, आणि फाइली परत मिळवणारा एक प्रोग्रॅम रात्रभर चालवला. सकाळी बहुतेक फोटो मिळाले, पण फोल्डर आणि नावे गेलेली होती. 'बारसे', 'गणपती', 'कोकण' असे नीट लावलेले फोल्डर जाऊन त्या जागी नुसत्या क्रमांकांची हजारो फाइलींची रास उरली, आणि ती पुन्हा लावण्यात दिवाळीची सुट्टी गेली.

तेव्हापासून मी एक साधी शिस्त पाळतो. पुसायची डिस्क सोडून बाकी सगळे, म्हणजे दुसरी डिस्क, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, फोनसुद्धा, आधी काढून ठेवायचे. मग पुसायची डिस्कही काढायची आणि विंडोज की व एक्स ही अक्षराची कळ एकत्र दाबून येणाऱ्या यादीतून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडायचे. या खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागात संगणकातल्या प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसते आणि डावीकडे डिस्क ०, डिस्क १ असे क्रमांक असतात. एकच डिस्क असलेल्या लॅपटॉपमध्ये आता फक्त डिस्क ० दिसेल. तिच्यावर सी ड्राइव्ह आहे आणि तिला हात लावायचा नाही. मग एक्सटर्नल डिस्क जोडायची. जी नवी पट्टी उगवेल ती आपली. पुन्हा काढायची, पट्टी नाहीशी झाली पाहिजे. पुन्हा जोडायची. एवढे झाले की क्रमांक कागदावर लिहून ठेवायचा. हे हास्यास्पद वाटेल, पण कागदावरचा आकडा पाहून काम करणाऱ्याचा हात चुकत नाही.

आकाराचा आकडा पाहून मात्र दचकू नये. विकताना १ टीबी म्हणजे १०,००,००,००,००,००० बाइट्स असे दहाच्या पटीत मोजतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि नाव तेच वापरते. त्यामुळे १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीची आणि २ टीबीची सुमारे १८६३ जीबीची दिसते. मॅकवर हीच डिस्क पूर्ण २ टीबी दिसते, कारण ॲपलने २००९ पासून दहाच्या पटीतले मोजमाप स्वीकारले. दुकानदाराने फसवलेले नसते.

भाग किती आणि केवढे

भाग पाडायचेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. बॅकअपचा प्रोग्रॅम एकाच फाइलीच्या अनेक जुन्या आवृत्त्या साठवत जातो आणि मोकळी सोडली तर सगळी डिस्क व्यापतो. उलट घरातल्या कोणी चित्रपट भरत नेले तर बॅकअपला जागा उरत नाही आणि तो मुकाट्याने बंद पडतो. शेताच्या मधून बांध घातला की दोन्ही वाटण्या आपापल्या हद्दीत राहतात, तसे हे आहे. पण बांधाने पूर अडत नाही. डिस्क पडली, जळली किंवा चोरीला गेली तर दोन्ही भाग एकदमच जातात. एका भागातल्या फोटोंची प्रत त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात ठेवून आपल्याकडे दोन प्रती आहेत असे समजणारे लोक मला वारंवार भेटतात, म्हणून हे ठासून सांगावेसे वाटते.

बॅकअपच्या भागाचा आकार ठरवताना लॅपटॉपची एकूण क्षमता पाहावी आणि निदान तिच्या दुप्पट जागा द्यावी. आपल्या उदाहरणात ५१२ जीबीच्या लॅपटॉपसाठी १२०० जीबी बॅकअपला आणि उरलेले सुमारे ६६० जीबी साठवणीला, अशी वाटणी सोयीची होते. बॅकअपचा भाग नेहमी पहिला, म्हणजे पट्टीवर डाव्या बाजूचा ठेवावा. कारण डिस्क मॅनेजमेंटमध्ये एखादा भाग वाढवायचा असेल तर मोकळी जागा त्याच्या लगेच उजवीकडे असावी लागते. उद्या मोठा लॅपटॉप घेतला, तर साठवणीचा भाग रिकामा करून काढून टाकता येतो आणि बॅकअपचा भाग तेथपर्यंत ताणता येतो. उलट मांडणीत ही सोय नाही. दोनापेक्षा जास्त भाग करण्याचा मोह टाळावा. फोटो, गाणी, कार्यालय, मुले असे चार-पाच भाग केले की एक तुडुंब भरतो आणि दुसऱ्यात जागा वाया जाते. त्या कामाला फोल्डर आहेत.

आता पुसायचे

लॅपटॉप चार्जिंगला लावावा आणि सेटिंग्जमध्ये जाऊन तो झोपी जाण्याची वेळ 'कधीही नाही' अशी ठेवावी. डिस्क मॅनेजमेंटमध्ये कागदावर लिहिलेल्या क्रमांकाच्या पट्टीवर यावे. निळ्या माथ्याचा प्रत्येक तुकडा म्हणजे एकेक जुना भाग. त्यावर राइट क्लिक करून 'डिलीट व्हॉल्यूम' निवडावे. विंडोज विचारते, मग होकार द्यावा. सगळे तुकडे गेले की पट्टीचा माथा काळा होतो आणि तिच्यावर 'अनअलोकेटेड' असे दिसते, म्हणजे कोणाच्याही नावावर नसलेली जागा.

यानंतर डावीकडच्या डिस्क क्रमांकावर राइट क्लिक केले तर 'कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क' हा पर्याय दिसू शकतो. दिसला तर तो निवडावा. त्याऐवजी 'कन्व्हर्ट टू एमबीआर डिस्क' दिसत असेल तर डिस्क आधीच जीपीटी आहे आणि काही करायचे नाही. एमबीआर ही भागांची नोंदवही ठेवण्याची १९८३ पासूनची जुनी पद्धत आहे. तिच्यात मुख्य भाग चारच होतात आणि सुमारे २ टीबीच्या पुढची जागा तिला मोजताच येत नाही. जीपीटीमध्ये ही मर्यादा नाही, शिवाय नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. डिस्क एखाद्या जुन्या टीव्हीलाही जोडायची असेल तर तो जीपीटी वाचतो का हे आधी पाहावे, एवढाच अपवाद.

काही डिस्कवर सुरुवातीला २०० एमबीचा एक चिमुकला तुकडा असतो आणि त्यावर राइट क्लिक केले तरी 'डिलीट व्हॉल्यूम' फिकट राहते, दाबलेच जात नाही. डिस्क पूर्वी मॅकवर तयार केलेली असल्याची ही खूण आहे. येथे डिस्कपार्ट नावाचे हत्यार काढावे लागते, आणि ते बेताने वापरावे, कारण ते काम करण्याआधी काहीही विचारत नाही. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडावे. पुढच्या आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या आहेत. येथे त्यांचा उच्चार दिला आहे. 'डिस्कपार्ट' लिहून एंटर दाबावे. मग 'लिस्ट डिस्क'. सगळ्या डिस्कची यादी क्रमांक आणि आकारासह येते. कागदावरचा क्रमांक आणि १८६३ जीबी हा आकार एकाच ओळीत आहेत का ते पाहावे. आपला क्रमांक १ असेल तर 'सिलेक्ट डिस्क १' असे लिहावे. आता पुन्हा एकदा 'लिस्ट डिस्क' करावे आणि निवडलेल्या ओळीच्या सुरुवातीला उमटलेली चांदणी आपल्याच डिस्कपुढे आहे याची खात्री करावी. मगच 'क्लीन'. दोन-तीन सेकंदांत डिस्क स्वच्छ झाल्याची ओळ येते. 'एक्झिट' करून डिस्क मॅनेजमेंटमध्ये परत यावे. डिस्क नव्याने सुरू करण्याची खिडकी आली तर तिच्यात जीपीटी निवडावे.

नवे भाग, आणि कोणत्या मांडणीत

काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम' निवडले की एकामागून एक प्रश्न विचारणारी खिडकी उघडते. पहिला प्रश्न आकाराचा असतो आणि तो एमबीमध्ये विचारलेला असतो, येथे बरेच जण अडखळतात. १२०० जीबीला १०२४ ने गुणावे: १२२८८०० हा आकडा भरावा. पुढचा प्रश्न ड्राइव्हच्या अक्षराचा. विंडोज सुचवेल ते डी किंवा ई न घेता वर्णमालेच्या शेवटाकडचे एखादे, समजा टी, निवडावे. सुरुवातीची अक्षरे पेन ड्राइव्ह आणि कार्डे पटकावतात, आणि अक्षर बदलले की ठरावीक अक्षर धरून चालणाऱ्या प्रोग्रॅमना आपला बॅकअप सापडत नाही.

तिसरा प्रश्न मांडणीचा, म्हणजे फाइल सिस्टिमचा. विंडोजच्या बॅकअपसाठी एनटीएफएसच घ्यावे. ही मांडणी १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली. प्रत्येक बदल करण्याआधी ती त्याची नोंद करून ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी मांडणी सावरते. एक्सफॅट या दुसऱ्या मांडणीत अशी नोंद नसते. तिचा फायदा असा, की ती मॅक आणि विंडोज दोघांनाही लिहिता-वाचता येते, तर एनटीएफएस मॅकला फक्त वाचता येते. एक्सफॅटचा आणखी एक छुपा खर्च आहे. एवढ्या मोठ्या डिस्कवर ती जागा सहसा १२८ केबीच्या कप्प्यांत वाटते, एनटीएफएस ४ केबीच्या. तुमच्याकडे १० केबीची पन्नास हजार पत्रे आणि पावत्या असतील तर एनटीएफएसवर ती सहाशे एमबीच्या आत बसतील आणि एक्सफॅटवर सहा जीबीहून जास्त जागा खातील. चित्रपटांना याने काही फरक पडत नाही. फॅट३२ चा विचार करूच नये. तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

तेव्हा पहिला भाग एनटीएफएस, आणि दुसरा भाग घरातल्या मॅकवर किंवा टीव्हीवरही लागणार असेल तर एक्सफॅट, नाही तर तोही एनटीएफएस. 'अलोकेशन युनिट साइझ' आहे तसेच राहू द्यावे. 'व्हॉल्यूम लेबल'मध्ये नाव द्यावे, आणि ते 'न्यू व्हॉल्यूम' असे नसावे. 'बॅकअप' आणि 'साठवण' इतके साधे चालेल. एक्सफॅटच्या नावाला अकराच अक्षरे मिळतात, हे लक्षात असू द्यावे.

त्याच खिडकीत 'परफॉर्म अ क्विक फॉरमॅट' असा चौकोन आधीच खूण केलेला असतो. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त नवी कोरी अनुक्रमणिका लिहिली जाते. पुस्तकाची जुनी पाने तशीच राहतात आणि योग्य प्रोग्रॅमने ती वाचता येतात. माझे फोटो परत मिळाले ते याच कारणाने. खूण काढली तर विंडोज सगळ्या भागावर शून्ये लिहिते आणि जाता जाता खराब कप्पे शोधते. डिस्क घरातच राहणार असेल आणि तब्येत चांगली असेल तर क्विक पुरे. डिस्क जुनी असेल तर मात्र एकदा पूर्ण फॉरमॅट करावा असे माझे मत आहे, कारण डिस्क कोलमडणारच असेल तर ती बॅकअप भरल्यावर कोलमडण्यापेक्षा या परीक्षेतच कोलमडलेली बरी. वेळेची तयारी ठेवावी: सेकंदाला १०० एमबी या वेगाने २ टीबीला साडेपाच तास लागतात. जुन्या यूएसबी २ च्या सॉकेटमध्ये हाच वेग सुमारे ३० एमबीवर येतो आणि अठरा तास जातात, म्हणून जलद यूएसबी ३ चे सॉकेट शोधावे. अनेक संगणकांवर ते आतल्या निळ्या जिभेवरून ओळखू येते. डिस्क विकायची किंवा कोणाला द्यायची असेल तर पूर्ण फॉरमॅटला पर्याय नाही. हे सारे फिरत्या तबकडीच्या डिस्कबद्दल झाले. एक्सटर्नल एसएसडीवर, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, सगळीकडे शून्ये लिहून तिची झीज करण्यात अर्थ नाही, तेथे क्विकच करावे.

उरलेल्या काळ्या पट्टीवर हीच कृती पुन्हा करावी. आकार विचारला की विंडोजने सुचवलेला पूर्ण आकडा तसाच ठेवावा.

घरात मॅकही असेल तर

मॅकच्या टाइम मशीन या बॅकअपच्या प्रोग्रॅमला स्वतंत्र भाग लागतो, आणि मिश्र घरात सगळे भाग आधी मॅकवरच पाडणे सोपे जाते. डिस्क युटिलिटी उघडल्यावर 'व्ह्यू' मधून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडावे. ते केले नाही तर डिस्कऐवजी तिच्यातला एक भागच दिसतो आणि तेवढाच पुसला जातो. सर्वांत वरची ओळ निवडून 'इरेज' करावे, पद्धत 'जीयूआयडी पार्टिशन मॅप' ठेवावी, आणि मग 'पार्टिशन' मधून टाइम मशीनला एपीएफएस या ॲपलच्या मांडणीतला एक भाग व बाकीचे एक्सफॅट भाग करावेत. ॲपलही टाइम मशीनसाठी मॅकच्या साठवणीच्या निदान दुप्पट जागेची शिफारस करते. त्यानंतर डिस्क विंडोजला जोडून बॅकअपसाठी ठेवलेला एक्सफॅट भाग तेवढा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करावा. मॅकचा भाग विंडोजच्या पट्टीवर निनावी दिसेल. त्याला हात लावू नये.

बॅकअप सुरू करणे

कंट्रोल पॅनेलमध्ये 'फाइल हिस्टरी' आहे. तिथे टी ड्राइव्ह निवडून ती सुरू करावी. ती मुळात दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेते आणि जुन्या आवृत्त्या कायम ठेवते. 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये जाऊन हे 'जागा लागेपर्यंत' असे बदलून घ्यावे. येथे आपल्याकडच्या वाचकांसाठी एक इशारा आवश्यक आहे. आपल्याकडे लॅपटॉप घेतला की दुकानदार सी आणि डी असे दोन ड्राइव्ह करून देतो आणि 'महत्त्वाचे सगळे डीमध्ये ठेवा' असे बजावतो. फाइल हिस्टरी मात्र डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरलेल्या जागाच पाहते, डीकडे ढुंकूनही बघत नाही. डीमधल्या महत्त्वाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून, 'शो मोअर ऑप्शन्स' मधून 'इन्क्लूड इन लायब्ररी' निवडून तो डॉक्युमेंट्सच्या लायब्ररीत सामील करावा, तेव्हाच त्याचा बॅकअप होतो. वर्षभर हिरवी खूण पाहून निश्चिंत असलेल्या माणसाला डी ड्राइव्ह गेल्यावर हे कळते.

संपूर्ण संगणकाची, विंडोजसकट, प्रतिमा हवी असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या 'बॅकअप अँड रिस्टोअर' मध्ये 'क्रिएट अ सिस्टिम इमेज' आहे. नावापुढे विंडोज ७ असे लिहिलेले असले तरी ते विंडोज ११ वरही चालते, आणि त्याला एनटीएफएसच लागते.

पहिला बॅकअप पूर्ण होऊ द्यावा. हजारो लहान फाइली असल्या तर त्याला रात्र लागू शकते. तो झाला की एक बिनमहत्त्वाची फाइल लॅपटॉपवरून खरोखर काढून टाकावी आणि 'रिस्टोअर पर्सनल फाइल्स' मधून ती परत आणून उघडून पाहावी. मग घड्याळाजवळच्या चिन्हातून डिस्क सुरक्षितपणे काढून घ्यावी. ती सतत जोडून ठेवू नये, कारण फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या बॅकअपलाही सोडत नाहीत. आठवड्यातून एक वार ठरवून जोडली तरी घरगुती कामाला पुरते. फोटोंसारख्या पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या घरी, गावाला किंवा बहिणीकडे, ठेवावी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम हाच आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर.

डिस्कच्या पाठीवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर बॉलपेनने नाव, भागांची अक्षरे आणि पुसल्याची तारीख लिहावी. कोकणात आणि पावसाळ्यात इतरत्रही, डिस्क झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवावी, आणि केबल त्याच डब्यात.